तासभर पहारा, लढाई किंवा मंत्र

रविवार, ८ डिसेंबर

आज खेळ चार तास चालला. त्यातले दीड तास एका वाक्यावर गेले.

ही वही मी दर वेळी उत्साहाने सुरू करते आणि दोन-तीन महिन्यांत सोडते. मग पुढच्या वर्षी वाचताना कोण कोण होतं तेच आठवत नाही. म्हणून आधी माणसं लिहून ठेवते. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी सुरेंद्रनगरला मार्तंडकाकांकडे जमतो. फासे आणि कागद घेऊन बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं. गोष्ट मी सांगते, म्हणून नियमांचा शेवटचा शब्दही माझा. मला सगळे मास्तर म्हणतात. मार्तंडकाका जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते, निवृत्त झाले. इंग्रजी नियमपुस्तकाचं त्यांनी दोन वह्या भरून मराठी केलं आहे. त्यांची नात उन्नती लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौथा दुर्गेश हेडाऊ. तो आमच्या कंपनीत स्टाफची गाडी चालवतो, कामठीहून येतो. मागच्या वर्षी पार्किंगमध्ये माझ्या बॅगेतून वीस बाजूंचा फासा पडला, तो त्याने उचलून दिला आणि विचारलं, "मॅडम, हे कायचं आहे?" पुढच्या रविवारी तो काकांकडे हजर होता. त्याचं पात्र एक मांत्रिक, नाव झिंगरू.

वाक्य असं : "विश्रांती सलग आठ तासांची असावी. मध्ये तासभर पहारा, लढाई किंवा मंत्रप्रयोग झाल्यास ती मोडली असे समजावे."

विश्रांती पूर्ण झाली की मांत्रिकाला खर्च झालेले मंत्र परत मिळतात. मोडली तर दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने चालतो. आज खेळात सगळे जंगलात झोपले असताना लांडगे आले. झिंगरूने उठून आगीचं कडं उभं केलं, लांडगे पळाले, झिंगरू पुन्हा झोपला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. आता सकाळी मंत्र मिळाले की नाही?

"तासभर" हा शब्द फक्त पहाऱ्याला लागतो की तिन्हींना, यावर सगळं अडलं. मी काकांना मुळात काय आहे ते विचारलं. ते म्हणाले, "मुळातही असंच आहे. मी ते तसंच ठेवलं. भाषांतरकाराने गोंधळ सोडवायचा नसतो, पोचवायचा असतो."

निर्णय पुढच्या रविवारी देते म्हणून सांगितलं.

सोमवार, ९ डिसेंबर

दोन चालक कमी झाले. एकाला कावीळ, एक सोडून गेला. पियुष सरांनी सकाळीच बोलावलं. ते आमच्या वाहतूक विभागाचे प्रमुख आणि चालकांच्या ड्यूट्यांचा रोस्टर करणारी मी. नवीन माणसं येईपर्यंत उरलेल्या पाच जणांत भागवायचं आहे.

कंपनीच्या नियमपत्रकात एकच ओळ आहे : दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान आठ तासांची विश्रांती द्यावी. मी विचारलं, कुठून मोजायचे? सर म्हणाले, "गेटवरचा हजेरीचा पंच ते गेटवरचा पंच. बाकी कुठून मोजणार? घरी जाऊन बघणार का आपण?"

स्पष्ट उत्तर मिळालं की मला बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत रोस्टर बसवला. दुर्गेश आठवड्यातून चार दिवस रात्री नऊला सुटेल आणि पहाटे पाचला लागेल. बरोबर आठ. एकही मिनिट कमी नाही.

रविवार, १५ डिसेंबर

निर्णय दिला. "तासभर" तिन्हींना लागू. अर्ध्या मिनिटाच्या मंत्राने विश्रांती मोडत नाही. झिंगरूला त्याचे सगळे मंत्र परत.

उन्नतीने टाळी वाजवली. ती तलवारवाली आहे, तिच्या मागे भरलेला मांत्रिक असला की तिचं फावतं. ज्याचा फायदा झाला तो दुर्गेश मात्र अडून बसला.

"मॅडम, हे बराबर नाही," तो म्हणाला. "मधात उठला ना तो? लांडगे पाहिले, घाबरला, आग लावली. मंग लगेच कशी झोप लागंन त्याले?"

मी म्हटलं, "नियमात झोप लागण्याबद्दल काही नाही. विश्रांतीबद्दल आहे."

"म्हणजे नुसतं आडवं पडून राहिलं तरी आठ तास झाले?"

"हो."

"नाही झाले," तो म्हणाला. "तुमी कायले मोजता हो, घड्याळाले की माणसाले?"

उन्नती म्हणाली, "अरे दुर्गेशदादा, तुझाच फायदा होऊन राहिला ना!"

"मले नाही पायजे असा फायदा. तो रिकामा आहे उद्या. लिहून घ्या." आणि त्याने स्वतःच्या कागदावरचे सगळे मंत्र पेन्सिलने खोडून टाकले.

स्वतःच्या तोट्याचा अर्थ इतक्या तावातावाने मांडणारा खेळाडू मी आधी पाहिला नव्हता. बहुधा त्याला पात्राशी प्रामाणिक राहायचं असावं. चांगला खेळाडू होत चालला आहे. काका मध्येच त्याला विचारत होते, कामावर कितीला निघतोस, घरी कितीला पोचतोस. त्यामुळे खेळ रेंगाळला.

बुधवार, १८ डिसेंबर

हिवाळी अधिवेशनामुळे शहरात जागोजागी बंदोबस्त. वर्धा रोडवर दोनदा गाडी वळवावी लागली.

दुपारी दुर्गेश केबिनमध्ये आला. दारातच उभा राहिला. "मॅडम, ते आठ तास कुठून मोजता?"

"गेटपासून गेटपर्यंत."

"मी गेटवर झोपत नाही ना जी."

मी त्याला समजावलं की नियम सगळ्यांना सारखा हवा. एक चालक इथे जवळ खापरीला राहतो, दुसरा लांब कामठीला. प्रत्येकाच्या घरापासून मोजायला लागलो तर पाच जणांचे पाच नियम होतील, आणि मग खापरीवाला म्हणेल माझ्यावर अन्याय झाला. तो ऐकत होता. चेहरा उतरलेला, डोळे लाल. सर्दी असेल, हवा तशीच आहे.

"बराबर आहे," तो म्हणाला आणि गेला.

नंतर वाटलं, हेच उत्तर मी रविवारीही देऊ शकले असते. मोजमाप एकच ठेवलं की वाद राहत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

आज वेगळाच प्रश्न. काही मंत्र एकदा म्हणून संपत नाहीत, मांत्रिकाने लक्ष धरून ठेवलं तरच टिकतात. झिंगरूने भुयारात प्रकाशाचा गोळा धरला होता आणि बाकीचे त्याच्या उजेडात पूल ओलांडत होते. मी पुलाचं वर्णन करत होते. वर पाहिलं तर दुर्गेशचे डोळे मिटलेले, मान भिंतीला टेकलेली, हातात फासा.

उन्नती हळूच म्हणाली, "लक्ष तुटलं. उजेड गेला. आम्ही सगळे पुलावर आहोत."

तो दचकून जागा झाला. "मी ऐकून राहिलो होतो. डोळे मिटले म्हणजे झोपलो नाही."

नियमात लिहिलं आहे की मार बसला किंवा शुद्ध हरपली तर लक्ष तुटतं. डोळे मिटण्याबद्दल काही नाही. शिवाय खेळाडू पेंगला म्हणजे पात्र पेंगलं असं होत नाही. मी उजेड कायम ठेवला. सगळ्यांनी पूल पार केला.

काकांनी चहा टाकला, त्याला ओट्याजवळ बोलावून काहीतरी विचारलं, मग त्याला लवकर घरी पाठवलं. मला म्हणाले, "सोनिका, नियम कळेनासा झाला की मी एक करायचो. तो कशासाठी केला होता ते विचारायचो. विश्रांतीचा नियम मंत्र परत मिळावेत म्हणून आहे. मिळाले का, एवढंच बघ. तास मोजत बसू नकोस."

मी म्हटलं, मग प्रत्येक वेळी मास्तरच्या मर्जीवर जाईल.

"मर्जी कुठे म्हटलं मी? बघ म्हटलं."

काका कोर्टात होते, तरी इतकं ढोबळ बोलतात याचं नवल वाटलं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

पहाटे पाच पन्नासला वर्धा रोडवर स्टाफची गाडी दुभाजकावर चढली. आत अकरा जण. पॅकिंगमधल्या एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार. दुर्गेशच्या दोन बरगड्यांना चीर आहे आणि डावं मनगट प्लास्टरमध्ये. कोणी गेलं नाही.

दाट धुकं होतं असं सगळे म्हणतात.

शनिवार, २८ डिसेंबर

दवाखान्यात जाऊन आले. दुर्गेश औषधाने गुंगीत होता. त्याची बायको रीना बाहेर बाकावर बसली होती. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "तुमीच का मास्तर मॅडम? लय सांगते तो तुमच्याबद्दल. रविवारचं जाणं काही सोडत नाही."

मी विचारलं, कसं झालं?

"धुकं होतं म्हणतात." तिने डब्याची पिशवी मांडीवर ओढली. "ताई, धुकं तर रोजच राहते. तो घरी येते सव्वादहाले. जेवते, आंग धुते, अकरा वाजते. मंग कोणाचा तरी फोन येते, गाडीची चावी कुठं ठेवली, डिझेल किती आहे. सव्वातीनले उठते, पावणेचारले निघते. ह्या थंडीत फटफटीवर. मी म्हटलं त्याले, साहेबाले सांगत काहून नाही? तर म्हणे, सांगितलं, हिशोब बराबर आहे म्हणतात."

ती माझ्याकडे बघत नव्हती. रोस्टर कोण करतं हे तिला माहीत नसावं. मीही सांगितलं नाही.

घरी आल्यावर वजाबाकी केली. झोप सव्वाचार तास. फोन आला तर त्याहून कमी. आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे.

सोमवार, ३० डिसेंबर

पियुष सरांनी एक छापील पत्र दिलं. मुख्य कार्यालय चौकशी करणार आहे, त्याआधी कागद तयार हवा. मजकूर दोन ओळींचा : सदर चालकास नियमानुसार आठ तासांची विश्रांती देण्यात आली होती. अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असावा. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"पहिली ओळ खरी आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग झालं. दुसरीत 'असावा' म्हटलं आहे."

मी म्हटलं, रोस्टरची प्रत जोडून उद्या देते. प्रत माझ्या टेबलावरच होती. उगाच खोटं बोलले. पहिली ओळ खरी असताना खोटं कशाला बोलावं लागलं, हे संध्याकाळपर्यंत समजलं नाही. घरी आल्यावर ती ओळ पुन्हा वाचली. "देण्यात आली होती." त्याला मिळाली होती असं कुठेच लिहिलेलं नाही.

बुधवार, १ जानेवारी

पत्र घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, सही करू का? त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी एका चौकीदाराची गोष्ट सांगितली. गोदामात चोरी झाली होती. साक्षीत चौकीदार म्हणाला, माझा डोळा लागला होता. काकांनी त्याचं इंग्रजी केलं, तो झोपला होता. चौकीदाराची नोकरी गेली. महिन्याभराने त्याची बायको कोर्टाच्या आवारात भेटली, तेव्हा कळलं की तो सलग तिसऱ्या रात्री जागत होता, बदली माणूस आलाच नव्हता.

"तुम्ही चुकीचं लिहिलं नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतंच. आजही तसंच लिहीन. पण 'किती वेळापासून जागा होतास' हे त्याला कोणीच विचारलं नाही. वकिलाने नाही, साहेबाने नाही. मी त्याच्या सगळ्यात जवळ उभा होतो."

पत्र परत माझ्या हातात दिलं. "तुला तर विचारायचीही गरज नव्हती. दुर्गेश स्वतः येऊन सांगत होता."

"कधी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग उठून स्वयंपाकघरात गेले.

मी तिथेच बसून होते. समोर त्यांच्या नियमांच्या वह्या होत्या. घड्याळाला मोजता की माणसाला, असं तो म्हणाला होता. मी ते नियमावरची हरकत म्हणून ऐकलं आणि फेटाळलं. तीन दिवसांनी तेच त्याने केबिनच्या दारात उभं राहून विचारलं, तेव्हा मी खापरीवाल्यावरचा अन्याय समजावत बसले. डोळे लाल होते, मी सर्दी लिहिली. हे सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे.

शुक्रवार, ३ जानेवारी

छापील पत्रावर सही केली नाही. वेगळं पत्र लिहिलं. सहा वेळा फाडलं. शेवटी एवढंच ठेवलं :

"चालक श्री. दुर्गेश हेडाऊ यांना ९ डिसेंबरपासून आठवड्यातून चार दिवस दोन ड्यूट्यांमध्ये गेट ते गेट आठ तास मिळत होते. त्यातले जाण्यायेण्याचे अडीच तास होते. विश्रांतीच्या वेळेत कार्यालयाकडून त्यांना फोन केले जात. प्रत्यक्ष झोप सव्वाचार तासांपेक्षा जास्त होत नव्हती. १८ डिसेंबरला त्यांनी हे माझ्याकडे मांडले. मी दखल घेतली नाही. रोस्टर मी तयार केला होता."

एक प्रत पियुष सरांना, एक मुख्य कार्यालयाला, एक मोडलेल्या खांद्याच्या मुलीला. तिचं नाव तारा. हे लिहिताना लक्षात आलं की इतके दिवस मी ते विचारलंच नव्हतं.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "तुला कळतंय का, यात तू स्वतःलाच अडकवलंस?"

मी हो म्हटलं. भीती वाटत होती. अजून वाटते आहे. बाबांना पारशिवनीला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

गुरुवार, १६ जानेवारी

निकाल आला. नियमपत्रकातली ओळ बदलली. आता दोन ड्यूट्यांच्या मध्ये बारा तास, आणि त्या वेळेत चालकाला फोन करायचा नाही. ताराच्या उपचारांचं कंपनी बघणार. दुर्गेशवरचा निष्काळजीपणाचा शेरा काढला, पण गाडी परत द्यायला ते तयार नाहीत. गोदामात काम देऊ म्हणाले, त्याने नको म्हटलं. रोस्टर माझ्याकडून काढून घेतला. मी आता गेटवर पाहुण्यांचे पास बनवते. पियुष सरांची बदली होणार असं ऐकते, नक्की माहीत नाही.

दुर्गेशला तीन वेळा फोन केला. उचलला नाही. खेळ बंद आहे. उन्नती विचारते, पुढचा रविवार कधी.

रविवार, २ फेब्रुवारी

दुपारी कामठीला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही. त्याच्या सासऱ्यांचे कापड विणायचे दोन माग शेजारच्याच खोलीत आहेत, गल्लीच्या तोंडापासून खडखड ऐकू येते. बरा झाला की तो मागावर बसणार आहे, असं रीना म्हणाली. तोवर सूत आणायचं, माल पोचवायचं बघतो.

दुर्गेश आतल्या खोलीत झोपला होता. मागांचा एवढा आवाज, वर पत्र्यावर ऊन, आणि तो तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

"उठवू का?" रीनाने विचारलं.

"नको."

मी ओसरीवर बसले. तिला सांगितलं, रोस्टर मी करत होते. ती संत्री सोलत होती. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "त्यानं सांगितलं मले, दवाखान्यातून आल्यावर," ती म्हणाली. सोललेल्या फोडी तिने माझ्यापुढेही ठेवल्या.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा तो बाहेर आला. गालावर चटईचे वळ. मला बघून थांबला. "मॅडम? कधी आल्या?"

"आत्ताच."

रीनाने माझ्याकडे पाहिलं.

तो समोर बसला. मी जे ठरवून आले होते ते बोलले. की चूक माझी होती, की त्याने केबिनमध्ये येऊन विचारलं तेव्हाच थांबायला हवं होतं. माफी मागितली. शब्द पाठ केले होते, तरी अडखळले.

तो मनगट चोळत होता.

"फोन नाही उचलला मी तुमचा," तो म्हणाला. "राग होता. अजून आहे थोडा."

"असू दे."

मग मी विचारलं. हे विचारायचं ठरवलं नव्हतं. "माझ्यामुळे झोप होत नव्हती, त्यात सुट्टीचा दिवस एकच. घरी झोपायचं सोडून खेळायला का येत होतास?"

त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"केबिनमध्ये मी बोललो की तुमी दोन मिनिटांत कागद दाखवत होत्या," तो म्हणाला. "काकांकडे तुमी दीड तास ऐकलं मॅडम. एका वाक्यासाठी."